नावासाठी विद्यापीठ निवडण्याच्या सल्ल्याविरुद्ध

वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठ कसे निवडावे, या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गात आज जवळजवळ एकच उत्तर दिले जाते: जगाच्या किंवा देशाच्या क्रमवारीत जे विद्यापीठ सर्वांत वर आहे आणि जिथे प्रवेश मिळतो आहे, तिथे डोळे झाकून जावे. अभ्यासक्रमात काय आहे, तो कोण शिकवतो, कोणत्या शहरात शिकवला जातो आणि त्यासाठी किती कर्ज काढावे लागते, हे प्रश्न या मतानुसार दुय्यम ठरतात. कारण विषय सगळीकडे सारखाच असतो, नोकरी देणारा विद्यापीठाचे नावच पाहतो, आणि नाव मोठे असले की पगारही मोठा मिळून कर्ज आपोआप फिटते. परदेशी शिक्षणाच्या सल्लाकेंद्रांपासून नातेवाइकांच्या बैठकींपर्यंत हे मत इतक्या खात्रीने मांडले जाते की त्याला पुरावा मागणेही अनेकांना अनावश्यक वाटते. हे मत मुळातच चुकीचे आहे, आणि किंमत व मूल्य यांतला फरक ओळखायला जो विषय शिकवतो त्याच विषयाच्या विद्यार्थ्याने ते विनातक्रार स्वीकारावे, ही गोष्ट अधिकच अस्वस्थ करणारी आहे.

विषय सगळीकडे सारखाच असतो, हे या मताचे पहिले गृहीतक आणि तेच सर्वांत कच्चे. 'एम.एस्सी. फायनान्स' किंवा तत्सम नावाखाली आज किमान तीन वेगळ्या विद्या शिकवल्या जातात. पहिली कंपनी-वित्ताची व गुंतवणुकीची. ताळेबंद वाचणे, व्यवसायाचे मूल्यांकन करणे, भांडवल समभागांतून उभारावे की कर्जातून हे ठरवणे, कंपन्यांच्या विलीनीकरणाचे व्यवहार समजून घेणे हा तिचा गाभा असतो. तिच्यात गणित बेताचे असते, आणि ब्रिटनमधील एक वर्षाचे काही अभ्यासक्रम तर पदवीला वित्त न शिकलेल्यांना या क्षेत्रात आणण्यासाठीच आखलेले असतात. दुसरी विद्या गणिती वित्ताची. ज्यांची किंमत दुसऱ्या एखाद्या मालमत्तेच्या किमतीवर अवलंबून असते अशा करारांना डेरिव्हेटिव्ह म्हणतात. त्यांचे मोल ठरवणे, जोखीम मोजणे आणि ते सारे संगणकावर प्रत्यक्ष करून दाखवणे हे तिचे काम असून, त्यासाठी संभाव्यताशास्त्र, योगायोगाने बदलणाऱ्या राशींचे कलनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यांची पक्की तयारी लागते. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी १९७३ साली ऑप्शन या डेरिव्हेटिव्हच्या किमतीचे जे सूत्र मांडले, ते पहिल्या प्रकारच्या वर्गात वापरायला शिकवतात आणि दुसऱ्या प्रकारच्या वर्गात सिद्ध करायला लावतात. तिसरी विद्या वित्तीय अर्थशास्त्राची: बाजारातील किमती कशा ठरतात, व्याजदर बदलल्यावर बँका व उद्योग कसे वागतात, हे ती विचारते आणि आकडेवारीवरून आर्थिक संबंध पडताळण्याच्या शास्त्राचा, म्हणजे इकॉनोमेट्रिक्सचा, आधार घेते. तिच्यातून पुढे संशोधनाकडे, मध्यवर्ती बँकेकडे आणि धोरण आखणाऱ्या संस्थांकडे वाट जाते.

या तीन विद्यांमध्ये 'सर्वांत चांगली' कोणती, हा प्रश्नच निरर्थक आहे, आणि तो निरर्थक असल्यामुळे त्याचे उत्तर म्हणून पुढे केलेला क्रमांकही निरर्थक ठरतो. बारावीनंतर गणिताचा फारसा संबंध न आलेला बी.कॉम.चा विद्यार्थी आणि चार वर्षे गणित व प्रोग्रॅमिंग करून आलेला अभियंता या दोघांना एकाच विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम सुचवणाऱ्या सल्लागाराने त्या दोघांपैकी कोणाचा विचार केलेला असतो? पहिला विद्यार्थी गणिती वित्ताच्या वर्गात पहिल्या सत्रातच मागे पडतो आणि उरलेले वर्ष उत्तीर्ण होण्याच्या धडपडीत घालवतो. दुसरा विद्यार्थी प्राथमिक मूल्यांकनाच्या वर्गात बसून, जे त्याला पुस्तकावरून स्वतः शिकता आले असते त्यासाठी पूर्ण शुल्क भरतो.

एकाच विद्येच्या आतही सारखेपणाचा दावा टिकत नाही. भांडवली मालमत्तांच्या किमतीचे प्रतिमान, म्हणजे बाजाराच्या चढउताराशी एखादा समभाग किती बांधलेला आहे यावरून त्याचा अपेक्षित परतावा सांगणारी विल्यम शार्प यांची १९६४ सालची मांडणी, वित्ताच्या जवळपास प्रत्येक वर्गात शिकवली जाते. एका ठिकाणी ती एका सूत्रापुरती असते आणि परीक्षेत तिच्यात आकडे भरायचे असतात. दुसऱ्या ठिकाणी युजीन फामा व जेम्स मॅकबेथ यांनी १९७३ साली वापरलेल्या पद्धतीने विद्यार्थ्याला खऱ्या बाजारातील परताव्यांवर ती तपासायला लावतात, ती कुठे कोलमडते हे त्याला स्वतःला शोधावे लागते, आणि १९९३ सालच्या फामा-फ्रेंच प्रतिमानात कंपनीचा आकार व पुस्तकी मूल्य यांवर आधारलेले घटक का घालावे लागले हे त्याला त्या अपयशातूनच समजते. दोन्ही ठिकाणच्या गुणपत्रिकेवर विषयाचे नाव एकच छापलेले असते. हा फरक विषयसूची, प्रश्नपत्रिका आणि प्रबंधाची अट नीट वाचल्याशिवाय कळत नाही, आणि क्रमवारी पाहणारा नेमके तेवढेच वाचायचे टाळतो.

आता क्रमवारीकडे. ज्या आकड्यावर माणसे लाखो रुपये लावतात तो आकडा कसा तयार होतो, हे पाहण्याची तसदी किती पालक घेतात? क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून प्राध्यापकांच्या मतपाहणीला ३० टक्के आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतपाहणीला १५ टक्के वजन आहे. म्हणजे जवळजवळ निम्मा गुणांक लोकांना संस्थेविषयी काय वाटते यावर ठरतो. आणखी २० टक्के वजन अध्यापकांच्या संशोधनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला याला आहे, आणि तेही वैद्यकापासून भाषाशास्त्रापर्यंतच्या सर्व विद्याशाखा मिळून. वित्ताच्या वर्गात काय शिकवले जाते याचे मोजमाप त्यात कुठेही नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था या सर्वसाधारण यादीत अलीकडे पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास असते. लेखा व वित्त या विषयाच्या यादीत तीच संस्था जगातील अगदी पहिल्या काही संस्थांत गणली जाते. मिलानचे बोक्कोनी विद्यापीठ आणि लंडन बिझनेस स्कूल यांसारख्या वित्तासाठी नावाजलेल्या संस्था तर सर्वसाधारण यादीत येतच नाहीत, कारण ती यादी अनेक विद्याशाखा असलेल्या विद्यापीठांची आहे. त्या यादीतून वित्ताचे विद्यापीठ निवडणारा माणूस चुकीच्या कागदावरून निर्णय घेतो, आणि कागद चुकीचा असल्यावर तो किती बारकाईने वाचला याला अर्थ उरत नाही.

देशी क्रमवारीचीही तीच गत आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली आली. अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, पदवीनंतरची फलनिष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १० आणि लोकमत १० टक्के अशी तिची घडण आहे, आणि तिच्यासाठी लागणारी बरीचशी आकडेवारी संस्था स्वतःच पुरवतात. तिच्यात व्यवस्थापनाचा गट आहे, वित्ताचा नाही. त्यामुळे विपणनात बलवान आणि वित्तात सामान्य असलेली संस्था त्या यादीत वर दिसली तर त्यात नवल नाही.

फक्त वित्ताच्याच अभ्यासक्रमांची यादी हवी असेल तर 'फायनान्शियल टाइम्स'ची आहे, असे उत्तर येते. त्या वृत्तपत्राने २०११ पासून वित्ताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची क्रमवारी सुरू केली आणि ती इतरांपेक्षा विषयाच्या जवळ जाते, एवढे मान्य करता येईल. पण तिच्यातला सर्वांत वजनदार घटक माजी विद्यार्थ्यांचा पगार हा आहे, तो प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीच कळवलेला असतो, आणि वेगवेगळ्या देशांतील पगार क्रयशक्तीच्या समतेनुसार डॉलरमध्ये बदललेले असतात. क्रयशक्तीची समता म्हणजे प्रत्येक देशात ठरावीक वस्तू घ्यायला जितके पैसे लागतात त्यावरून चलनांचा दर ठरवणे. भारतासाठी हा दर बाजारातील विनिमय दराच्या साधारण चौपट अनुकूल आहे, म्हणून मुंबईतला रुपयांतला पगार त्या तक्त्यात डॉलरमध्ये चौपट मोठा दिसतो. राहणीमानाची तुलना करायला ही पद्धत योग्यच आहे. परंतु लंडनचे शुल्क बाजारभावाच्या पौंडात भरावे लागते, आणि मुंबईत परतून रुपयांत हप्ता भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाला तक्त्यातले ते डॉलर येत नाहीत. ही तळटीप न वाचता तक्त्यातला पगार घरच्या कर्जाशी ताडून पाहणाऱ्याचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

दुसरे गृहीतक नोकरी देणाऱ्याचे. नाव हा संकेत असतो, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो करणारे बहुधा मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ सालच्या प्रसिद्ध निबंधाचा आधार घेतात, ज्यासाठी पुढे त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. उमेदवाराची कुवत मालकाला थेट दिसत नाही, म्हणून पदवी ही तिची खूण ठरते, असे स्पेन्स यांनी दाखवले, हे खरे. मात्र त्या मांडणीचा कणा असलेली अट हे लोक सांगत नाहीत: खूण विश्वासार्ह ठरते ती कुवत असलेल्याला मिळवणे सोपे आणि नसलेल्याला अवघड असेल तेव्हाच. जिथे प्रवेशाची चाळणी कडक आहे तिथे ही अट पूर्ण होते. जिथे वर्गात शेकडो विद्यार्थी घेतले जातात आणि मुख्य अडसर शुल्काचा असतो, तिथे पदवी सांगते ती पैसे भरण्याची किंवा कर्ज मिळवण्याची कुवत. अशा पदवीवरचे नाव कितीही जुने असले तरी भरती करणारा अनुभवी माणूस पदवीपूर्व प्रवेशाची चाळणी आणि एक वर्षाच्या पदव्युत्तर प्रवेशाची चाळणी यांत फरक करतो. असे असताना त्याला फक्त नाव दिसते हे कशाच्या आधारावर मानायचे? त्यापुढे तो स्वतःची परीक्षाही घेतो: मूल्यांकनाचे गणित समोर बसून करायला सांगतो, मुलाखतींच्या फेऱ्या घेतो, आणि सीएफएसारख्या तीन टप्प्यांच्या व्यावसायिक परीक्षेचा निकाल विचारतो, ज्या परीक्षेत उमेदवार कोणत्या विद्यापीठाचा आहे हे उत्तरपत्रिका तपासताना पाहिलेच जात नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लंडनच्या मोठ्या गुंतवणूक बँका भरतीसाठी खरोखरच मोजक्याच विद्यापीठांवर भर देतात. पण त्या बँकांचे अर्ज उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूच्या प्रारंभी उघडतात, जागा पुष्कळदा येतील तसे अर्ज पाहून भरल्या जातात, आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतात. म्हणजे ज्या नावासाठी एवढा खर्च केला, त्या नावाखाली एकही व्याख्यान ऐकण्याआधी विद्यार्थ्याला अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात त्याच्याजवळ दाखवायला असते ते भारतातले काम, भारतातली पदवी आणि त्याची स्वतःची तयारी. ती तयारी ज्याची आहे त्याला नाव उपयोगी पडते. ज्याची नाही त्याला सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत नकार येत राहतात आणि मग वर्ष संपते.

नावाचा परिणाम खरोखर किती, याचा अभ्यासही झालेला आहे. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची माहिती घेऊन २००२ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सारख्याच महाविद्यालयांकडे अर्ज करून सारखेच स्वीकार-नकार मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक निवडक, म्हणजे प्रवेशाची चाळणी अधिक कडक असलेल्या, महाविद्यालयात गेलेल्यांची आणि कमी निवडक महाविद्यालयात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीने फारशी वेगळी निघाली नाही. मोठ्या नावाच्या महाविद्यालयातून बाहेर पडणारे अधिक कमावतात याचे कारण बहुतांशी ते विद्यार्थी आधीच तसे होते, हे होते. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना मात्र निवडक महाविद्यालयाचा लाभ झालेला दिसला. हा अभ्यास पदवीपूर्व शिक्षणाचा व अमेरिकेचा आहे, तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरीही ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी या क्षेत्रात जात आहे त्यांच्याविषयीचा त्याचा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा असा आहे. अशा विद्यार्थ्याला घरातून न मिळणाऱ्या ओळखी हव्या असतात, आणि म्हणूनच त्याने विचारावे की एक वर्षाच्या अभ्यासक्रमात, बहुतांश परदेशी सहाध्यायांच्या वर्गात, त्या ओळखी कशा जुळणार आहेत. ज्या विद्यार्थ्याला राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी जागतिक क्रमवारीतील ठरावीक क्रमांकाची अट पाळावीच लागते, त्याच्यासाठी क्रमवारी ही दाराची उंची आहे. दारातून आत गेल्यावर कोणत्या वर्गात बसायचे हे त्यालाही स्वतःच ठरवावे लागते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे तर या मताने वित्तशास्त्राचाच त्याग केलेला आहे. निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे भविष्यात मिळणाऱ्या रकमा योग्य दराने आजच्या किमतीत आणून त्यांतून आजचा खर्च वजा केल्यावर जे उरते ते. हा या विषयाचा पहिल्या सत्रातला धडा आहे. त्याच धड्यातला दुसरा नियम असा की तुलना नेहमी पुढच्या सर्वोत्तम पर्यायाशी करायची. परदेशी पदवीनंतरचा पगार नुसत्या बी.कॉम.च्या पगाराशी ताडून पाहणारे पालक हा नियमच मोडतात, कारण विद्यार्थ्यापुढचा खरा पर्याय मुंबईतले किंवा पुण्यातले पदव्युत्तर शिक्षण हा असतो. ४० लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने सुरुवातीलाच उचलले, एक वर्षाचा अभ्यासक्रम व त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष यांचे सरळ व्याज मुद्दलात मिळवले, आणि ४८ लाखांची परतफेड दहा वर्षांत करायची ठरवली, तर दरमहा हप्ता सुमारे ६३,४०० रुपये येतो. देशातील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्याच अटींवर ८ लाखांचे कर्ज घेतले तर तीन वर्षांच्या व्याजासह १०.४ लाखांवर हप्ता सुमारे १३,७०० रुपये येतो. फरक दरमहा जवळजवळ ५०,००० रुपयांचा. मोठ्या नावाने कर भरून झाल्यावर दरमहा एवढे जास्त, आणि तेही सलग दहा वर्षे मिळवून दिले पाहिजे, तेव्हा कुठे दोन पर्याय बरोबरीला येतात. शिक्षणकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट जुन्या करपद्धतीत आणि फक्त आठ वर्षे मिळते; नव्या करपद्धतीत ती नाही. हा हिशेब कागदावर मांडायला पाव तास लागतो. तो न मांडता घर तारण ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याला हितचिंतक कसे म्हणावे?

पौंडांत कमावून कर्ज लवकर फेडता येईल, हा या हिशेबावरचा नेहमीचा खुलासा. त्यासाठी तिथे राहायला मिळाले पाहिजे. ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे राहण्याची मुभा दिली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती १८ महिन्यांवर येत आहे. कुशल कामगार व्हिसासाठीचे सर्वसाधारण किमान वेतन एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेण्यात आले. नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठीची मर्यादा याहून कमी असली तरी तीही वाढलेलीच आहे. दहा वर्षांच्या कर्जाचा आधार दीड वर्षाच्या परवान्यावर ठेवायचा, ही जोखीम कोणत्याही बँकेच्या जोखीम-विभागाने नामंजूर केली असती. सरासरी पॅकेजचा आकडाही इथे फारसा धीर देत नाही, कारण तो नोकरी मिळालेल्यांचा आणि माहिती कळवणाऱ्यांचा असतो. कर्ज मात्र नोकरी न मिळालेल्यालाही फेडावे लागते.

मग मराठी विद्यार्थ्याने घरीच बसावे काय, असा प्रश्न या टप्प्यावर हमखास विचारला जातो. मुंबई हे घर असेल तर त्या प्रश्नातली तुच्छता अनाठायी आहे. रिझर्व्ह बँक, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार आणि १८७५ सालापासूनचा मुंबई शेअर बाजार यांची मुख्यालये या एका शहरात आहेत. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत दोन वर्षांचा एम.एस्सी. फायनान्स आहे, सेबीने २००६ साली स्थापन केलेली राष्ट्रीय रोखे बाजार संस्था पाताळगंगेला आहे, रिझर्व्ह बँकेने १९८७ साली उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावात आहे, आणि पुण्याच्या गोखले संस्थेत वित्तीय अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी मिळते. ज्याला पुढे भारतातच काम करायचे आहे त्याला २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता, सेबीचे नियम आणि सरकारी रोख्यांत बँकांना सक्तीने ठेवावी लागणारी गुंतवणूक यांचे ज्ञान लागते, आणि ते लंडनच्या वर्गात कोणी शिकवत नाही. उलट ज्याला गणिती वित्त खोलात शिकायचे आहे त्याला परदेशातला एखादा नेमका अभ्यासक्रम अधिक उपयोगी पडेल, आणि त्याने तो घ्यावा, मग त्या विद्यापीठाचे नाव नातेवाइकांनी ऐकलेले असो वा नसो.

नावाचा भ्रम आता आणखी एका ठिकाणी उघडा पडणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार साउदॅम्प्टन विद्यापीठाने २०२५ मध्ये गुरुग्रामला वर्ग सुरू केले, आणि त्याच वर्षी ब्रिस्टल, यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व इलिनॉय टेक यांसारख्या विद्यापीठांना मुंबई परिसरात संकुले उभारण्यासाठी इरादापत्रे दिली गेली. पदवीवर तेच नाव असेल. शहर, सहाध्यायी, शिक्षक आणि नोकऱ्यांचा बाजार वेगळा असेल. नावच सर्व काही असेल तर मुंबईतल्या संकुलातली पदवी आणि ब्रिस्टलमधली पदवी सारखीच मानावी लागेल, आणि नावाचे पुरस्कर्ते स्वतःही तसे मानणार नाहीत. म्हणजे नावाखेरीज आणखी बरेच काही मोजावे लागते हे त्यांना ठाऊक आहे. ते मोजण्याचे कष्ट मात्र ते विद्यार्थ्याला टाळायला सांगतात.

या सल्ल्याचा प्रसार कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. ते प्रवेशाबरोबर मिळते आणि विद्यार्थ्याला नोकरी लागली की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. 'सीएफए संलग्न' अशी पाटीही याच बाजारात दाखवली जाते, आणि तिचा अर्थ एवढाच की त्या अभ्यासक्रमात सीएफए परीक्षेच्या ज्ञानसंचयाचा किमान ७० टक्के भाग येतो. जो भाग त्या परीक्षेच्या पुस्तकांतून अत्यल्प खर्चात शिकता येतो त्यासाठी लाखो रुपये देण्याचे कारण विचारले तर ही पाटी उत्तर देत नाही. म्हणून प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने विद्यापीठाकडून काही गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, पर्यायी विषयांपैकी प्रत्यक्षात चाललेल्यांची यादी, कोणता विषय कायमस्वरूपी अध्यापक शिकवतात आणि कोणता तासिका तत्त्वावर शिकवला जातो याची माहिती, आणि गेल्या तुकडीतील भारतीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कोणत्या देशात कोणत्या प्रकारचे काम मिळाले, त्यात ज्यांना मिळाले नाही त्यांची संख्या. जे विद्यापीठ हे देत नाही, त्याचा क्रमांक कितीही वरचा असला तरी तिथे प्रवेश घेऊ नये.